परसातला पाचोळा आणि नगरपालिकेचे नियम

आपल्या स्मरणिकेत पाककृती, प्रवासवर्णने आणि सणवारांवरील लेख आवडीने वाचले जातात. त्यांच्या शेजारी नगरपालिकेच्या नियमांवरचा लेख रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु भगिनींनो, ज्या कायद्याशी आपला रोज सकाळी सर्वांत आधी संबंध येतो, तो हाच. हातात खराटा घेऊन अंगण झाडले, आंब्याचा नि जांभळाचा पाचोळा कोपऱ्यात लोटला, की पुढचा प्रश्न कायद्याचा असतो. हा पाचोळा पेटवावा, गटारात लोटावा, रस्त्यावर ठेवावा, की परसातच जिरवावा? गेल्या पावणेदोनशे वर्षांत सरकारने या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली. ती कशी बदलत गेली आणि बदलताना आपणा बायकांना कोणी विचारले की नाही, हे या लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

नगरपालिका नव्हत्या तेव्हा घरातला केर घराच्या आवारातच संपत असे. चुलीची राख भांडी घासायला, शेण सारवणाला आणि गोवऱ्यांना, उष्टे-खरकटे गुरांना, आणि उरलेले सगळे उकिरड्यावर. उकिरडा हे खताचे कोठार होते, आणि वर्षातून एकदा तो उपसून शेतात जाई. कोकणात तर पातेऱ्याला धान्याइतका मान होता. भाताचे रोप जिथे करायचे त्या जागेवर शेण, झाडांचा टहाळ, गवत आणि पातेरा यांचे थर देऊन पावसाळ्यापूर्वी ते भाजीत. त्याला राब म्हणतात. राब नसेल तर रोप जोमदार येत नाही, असा शेतकऱ्याचा पक्का अनुभव होता.

म्हणूनच झाडपाल्यावरचा मोठा तंटा आपल्या प्रांतात कचऱ्यावरून झाला नाही. तो पाला मिळावा म्हणून झाला. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधने आली. ज्या झाडांचा पाला बापजाद्यांनी विनापरवाना नेला, त्यांना हात लावण्यापूर्वी जंगल खात्याची मर्जी पाहणे आले. गाऱ्हाणी इतकी वाढली की मुंबई सरकारला १८८५ साली त्यासाठी एक कमिशन नेमावे लागले, व त्याचा अहवाल १८८७ साली आला. आज नगरपालिका आपल्याला पाला रस्त्यावर टाकू नका असे बजावते आणि त्या काळी सरकार लोकांना पाला नेऊ नका असे बजावीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वस्तू तीच, ती कोणाच्या उपयोगाची आणि कोणाच्या वाटेत, यावर नियम ठरतो.

गावातली सार्वजनिक जागा झाडण्याची रीत मात्र अन्यायाची होती, हेही सांगितले पाहिजे. चावडीपुढची झाडलोट, मेलेली गुरे ओढणे ही कामे बलुत्याच्या व्यवस्थेत महार समाजावर लादलेली होती. आपल्या घरापुरता केर आपण काढायचा आणि गावाचा केर विशिष्ट जातीने काढायचा, हा संस्कार तिथून शहरात आला आणि पुढे नगरपालिकेच्या नोकरीतही तसाच उतरला. पुढचा सगळा इतिहास वाचताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

आता नगरपालिकांकडे वळू. १८५० चा सव्विसावा कायदा हा आपल्याकडच्या गावोगावच्या पालिकांचा मूळ पुरुष. रस्ते, गटारे व तळी यांची दुरुस्ती, साफसफाई, दिवाबत्ती आणि लोकांना उपद्रव होईल अशा गोष्टींचा बंदोबस्त, एवढ्यासाठी तो होता. त्यात एक चांगली तरतूद अशी होती, की गावकऱ्यांनी मागणी केली तरच तो त्या गावाला लागू व्हायचा. मुंबई इलाख्यात त्याचा पुष्कळ उपयोग झाला. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, पुण्याची १८५७ ची, नाशिकची १८६४ ची. वेंगुर्ल्याची १८७६ साली स्थापन झाली. खर्च भागवण्यासाठी घरपट्टीपेक्षा जकात लोकांना बरी वाटे, कारण ती मालाच्या भावात मिसळून जाई आणि दारावर कोणी मागायला येत नसे.

पुढे १८७३ चा कायदा आला. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर १८८४ साली तो सुधारला, आणि लोकांनी निवडलेल्या सभासदांना मोठी जागा मिळाली. परंतु मत कोणाला? ज्याच्या नावावर घर व कर त्याला. घर बहुतेक नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. तेव्हा केर कुठे टाकावा, सांडपाणी कुठे सोडावे, ओटा रस्त्यावर किती पुढे घ्यावा, संडास कुठे बांधावा, हे सर्व पोटनियम ज्या सभेत ठरत, त्या सभेत केर काढणारी आणि सांडपाणी ओतणारी बाई नव्हती. रस्त्यावरचा केर उचलणारी आणि मैल्याची पाटी डोक्यावर वाहणारी बाई तर त्याहून दूर होती.

त्या काळच्या नियमांचा रोख एकच होता: घाण घराबाहेर काढा, ठरल्या जागी टाका, मग पालिका ती गावाबाहेर नेईल. पालिकेची गाडी गावाबाहेर गेली की प्रश्न सुटला असे सर्वांना वाटे. हा समज पुढे शंभर वर्षे टिकला.

या इतिहासातले सर्वांत काळे पान प्लेगचे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि काही महिन्यांतच पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला व सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोल्जरांकडून घरोघर तपासण्या करविल्या. घरातले सामान बाहेर काढले जाई, कपडे आणि अंथरुणे जाळली जात, जमिनी उकरल्या जात, आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. स्वयंपाकघर आणि देवघर यांतही बूट शिरले. पंडिता रमाबाईंनी बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल १८९७ साली वर्तमानपत्रात जाहीर तक्रार केली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो आहोतच.

त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले वारल्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना स्वतःला लागण झाली होती. एकाच शहरात, एकाच महिन्यात, आरोग्याच्या नावाखाली दोन गोष्टी चालल्या होत्या. एकीकडे हुकूम आणि संगीन, दुसरीकडे रोग्याजवळ बसलेली एक वृद्ध बाई. पालिकेचा माणूस दारात आला की आपल्या आजी-पणजी कडी लावून घेत, त्याचे मूळ या दिवसांत आहे. लोकांना विश्वासात न घेता राबवलेला नियम, तो हिताचा असला तरी, पिढ्यानुपिढ्या वैरी कसा ठरतो याचे हे ठळक उदाहरण.

१९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने आणि मोठ्या शहरांसाठी १९२५ साली झालेल्या कायद्याने पालिकांची घडी बरीचशी बसली. घर बांधण्यापूर्वी नोटीस द्या, रस्त्यावर पायरी वा ओटा काढण्यापूर्वी परवानगी घ्या, हे नियम लोकांच्या अंगवळणी पडू लागले. आणि याच सुमारास स्त्रियाही सभागृहात आल्या. १९२० नंतरच्या दशकात मुंबई महापालिकेत अवंतिकाबाई गोखले आणि सरोजिनी नायडू सभासद होत्या. अवंतिकाबाईंनी १९१८ साली हिंद महिला समाज स्थापन केला होता, म्हणजे त्या आपल्यासारख्याच एका मंडळाच्या कामातून तिथवर गेल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत मिळाले, आणि १९५६ साली सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. लहान गावांतल्या नगरपालिकांत मात्र बायकांची संख्या बेताचीच राहिली. १९९० साली महाराष्ट्राने तीस टक्के जागा राखल्या, चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश झाल्या आणि २०११ साली त्या निम्म्यावर आल्या.

दरम्यान पाचोळ्याची कथा वेगळ्याच दिशेने चालली होती. इंदूरच्या संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, पाला, शेण, राख आणि माती यांचे थर देऊन, ते ओले ठेवून आणि ठराविक दिवसांनी उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसवली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्यांनी मिळून त्यावर पुस्तकही लिहिले. वास्तविक आपल्या उकिरड्याचीच ही शिस्तीत बसवलेली आवृत्ती. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचे व केराचे सोनखत करण्याचे प्रयोग स्वतःच्या हातांनी केले. एका जातीच्या डोक्यावरची पाटी उतरवायची तर घाण वाहून नेण्याची गरजच संपली पाहिजे, हा त्यांचा विचार होता. गाडगेबाबा १९५६ साली निवर्तले, तोवर कीर्तनाआधी गाव झाडण्याचा त्यांचा शिरस्ता महाराष्ट्राने पाहिला होता. या माणसांच्या हातात दंडाचे पावतीपुस्तक नव्हते, तरी लोकांनी त्यांचे ऐकले.

परंतु पालिकांचे गाडे जुन्याच वाटेने चालले. १९६५ साली महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम झाला. लोकसंख्येवरून अ, ब, क असे वर्ग ठरले. केर गोळा करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे असे त्यात स्पष्ट सांगितले. पण गोळा करून शेवटी काय करायचे, त्याचे उत्तर 'डेपो' एवढेच होते. पूर्वी केरात पाला, राख आणि सालपटे असत. ती कुजून जात. मग प्लॅस्टिक आले. सगळे एकाच डब्यात, एकाच गाडीत, एकाच ढिगावर. डेपो पेटू लागले, आणि त्याचा धूर पुन्हा गावात येऊ लागला. शंभर वर्षांपूर्वी 'गावाबाहेर' म्हटलेली जागा एव्हाना गावात आली होती.

याच काळात झाडांसंबंधीही कायदा झाला. खेड्यांत १९६४ च्या कायद्याने साग, आंबा, फणस, चिंच, हिरडा अशी ठरावीक झाडे परवानगीवाचून तोडण्यास मनाई होती. शहरे आणि नगरपालिकांच्या हद्दींसाठी १९७५ साली वेगळा कायदा आला. त्याची गोम अशी की झाड आपल्या मालकीचे, आपल्या परसातले, आपल्या सासऱ्यांनी लावलेले असले, तरी ते तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. तोडणे या शब्दात जाळणे आणि झाडाला इजा करणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले, आणि ते तोडावेच लागले तर झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट घातली. 'आमच्या झाडाला तुमची परवानगी कशाला' असा प्रश्न पुष्कळ घरी ऐकू येतो. झाडाची सावली आणि गारवा कुंपणापाशी थांबत नाहीत, हे त्याचे साधे उत्तर आहे.

केराच्या बाबतीतले मोठे वळण सर्वोच्च न्यायालयातून आले. १९९६ साली अल्मित्रा पटेल या महिलेने शहरांच्या कचऱ्याविषयी तेथे याचिका दाखल केली. त्यातून पुढे २००० सालचे नियम निघाले, आणि ८ एप्रिल २०१६ रोजी त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. या २०१६ च्या नियमांनी दीडशे वर्षांचा रोख उलटा केला. घाण बाहेर काढा असे सांगण्याऐवजी, आधी घरातच वेगळी करा असे सांगितले. बागेतला पाचोळा इतर केरात न मिसळता आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि पालिका सांगेल त्याप्रमाणे त्याची व्यवस्था लावावी, असे त्यात लिहिले होते. केर रस्त्यावर, गटारात वा पाण्यात टाकणे, पुरणे किंवा जाळणे यांना मनाई होती. मंडळांनी ध्यानात घ्यावा असाही एक नियम होता: परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा तर कामाचे तीन दिवस आधी पालिकेला कळवावे, आणि केर वेगवेगळा करण्याची जबाबदारी घ्यावी. आपला हळदीकुंकवाचा समारंभही या हिशेबात बसतो. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास पंचवीस हजार रुपये भरण्याचा हुकूम दिला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्राने पुन्हा नवे नियम प्रसिद्ध केले. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग त्यांत केले असून १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवली.

जाळण्यास एवढी मनाई का, असे थंडीत शेकोटी करणाऱ्या घरांना वाटते. पूर्वीचा राब मोकळ्या शेतात वर्षातून एकदा भाजला जाई. आताचा पाचोळा भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत रोज पेटतो, आणि त्यात पिशव्या नि वेष्टने मिसळलेली असतात. दवाने ओलसर झालेला पाला नीट जळत नाही, नुसता धुमसतो. त्याचा बारीक धूर घरात शिरतो आणि दमेकऱ्यांना, तान्ह्या मुलांना व म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास होतो. उलट हाच सुका पाला स्वयंपाकघरातल्या ओल्या सालपटांवर थराथराने टाकला, तर ओलावा शोषला जातो, हवा खेळती राहते आणि वास येत नाही. खतखड्डे नासतात ते बहुधा नुसते ओले टाकल्यामुळे. ज्या घरी परस आहे त्या घरी पाचोळा हा त्रास नसून औषध आहे.

नियम लहान गावात चालू शकतात का? वेंगुर्ल्याने चालवून दाखवले. १८७६ सालच्या त्या जुन्या पालिकेने २०१५ च्या सुमारास, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या वेळी, घरोघरचा केर वेगवेगळा घेण्यास सुरुवात केली, आणि गोळा झालेला केर पुढे वीसहून अधिक प्रकारांत निवडला जाऊ लागला. ओल्या केरापासून गॅस, प्लॅस्टिकचा रस्त्याच्या डांबरात उपयोग. आणि जिथे ढीग धुमसत असे, तिथे लोक पाहायला येतील अशी जागा झाली. तसेच पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात स्त्रियांचाच भरणा आहे. केर हाताळणाऱ्या बाईलाही ओळखपत्र, हक्क आणि मान असतो, हे तिने पालिकेकडून मान्य करून घेतले.

या दोन्ही ठिकाणी नियम टिकला, कारण केर करणारी आणि केर उचलणारी या दोघींना त्यात धरून चालावे लागले. आपण चार डबे नीट भरले नाहीत तर ते निवडण्याचे काम हातमोज्यांवाचून कोणीतरी बाई करते. फुटकी काच आणि वापरलेले नॅपकिन कागदात न गुंडाळता टाकले तर जखम तिच्या हाताला होते. दंड आपल्याला होवो न होवो, किंमत तिच्याकडून वसूल होते. बलुत्याच्या काळापासून चालत आलेला अन्याय आपल्या दारातल्या डब्यात अजून शिल्लक आहे, आणि तो काढून टाकणे मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे.

राहता राहिला प्रश्न नियम करण्याचा. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक पालिकेला वर्षभरात आपले उपविधी करण्यास सांगितले होते. उपविधी म्हणजे जुन्या भाषेतले पोटनियम. त्यांचा मसुदा आधी प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवायच्या असतात. ही नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते आणि मुदत संपून जाते. पाचोळ्याची गाडी आठवड्यातून किती वेळा यावी, ती नोकरी करणाऱ्या बायका घरी असताना यावी की नसताना, भाड्याच्या खोलीत परस नसलेल्या बाईने काय करावे, शुल्क किती असावे, हे त्याच मसुद्यात ठरते. १८८४ साली आपल्याला त्या सभेत जागा नव्हती. आज निम्म्या जागा आहेत, मत आहे, २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. तरीही आपण गप्प राहिलो, तर तो दोष रिपनचा किंवा रँडचा म्हणता येणार नाही.

मंडळाने या वर्षी तीन कामे करावीत असे मी सुचवते. आपल्या पालिकेच्या उपविधींची प्रत अर्ज करून मिळवावी आणि एका बैठकीत ती मोठ्याने वाचावी. आपल्या आळीतून केर नेणाऱ्या भगिनींना त्या बैठकीला सन्मानाने बोलवावे व त्यांच्या अडचणी त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात. आणि पुढचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा सर्वांच्या सह्यांनी आपल्या सूचना मुदतीत देऊन त्याची पोच घ्यावी. पोच घ्यायला विसरू नये; कचेरीत तोंडी सांगितलेले टिकत नाही.